नासलं म्हणायची घाई

३३ वर्षं मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी दूध संघाच्या लॅबमध्ये होते. पहाटे साडेचारला डॉकवर उभं राहायचं. कॅन उघडला की आधी झाकण हुंगायचं, मग दूध. शंका आली तर चाचणीनळीत थोडं उकळून बघायचं, फाटलं तर परत. घरात माझं नाव ‘रिजेक्टवाली’ पडलं होतं आणि भाजीबाजारातही मी ते सार्थ करायचे. गंमत म्हणजे लॅबमध्ये माझ्या हाताशी कायम अल्कोहोल असायचं. दुधात तितकंच अल्कोहोल मिसळून गुठळ्या धरतात का, हे पाहायची एक चाचणी असते. त्यापलीकडे दारूशी माझी ओळख नव्हती. मग निवृत्त झाले, लेकीकडे ब्रसेल्सला गेले, आणि फेब्रुवारीतल्या एका बोचऱ्या सकाळी जावई म्हणाला, “आई, चला, तुमच्या लाइनचं काहीतरी दाखवतो.” ते ‘काहीतरी’ म्हणजे लाकडी पिंपात मुरलेली, चेरी घातलेली आंबट बिअर. तिच्यापायी मला जे उमजलं ते असं.

१. माणूस निवृत्त होतो, नाक होत नाही. मिदी स्टेशनपासून दहाएक मिनिटं चाललं की आंदर्लेक्त भागात एक साधीशी, गोदामासारखी इमारत लागते. तिथं कांतियों नावाच्या घराण्याचा बिअरचा कारखाना आहे, १९०० सालापासूनचा. १९७८ पासून तो संग्रहालय म्हणूनही खुला आहे. पुस्तिका हातात घ्यायची आणि आपलं आपण फिरायचं. दार ढकललं आणि माझ्या नाकानं हजेरी लावली : ओलं लाकूड, जुनं पोतं, कुठंतरी सफरचंदाची आंबूस कड, आणि तळाशी, चक्क, गोठा. मी जागच्या जागी थांबले. दुधाच्या दोषांच्या यादीत ‘गोठ्याचा वास’ हा स्वतंत्र दोष आहे, आणि त्यासाठी मी किती कॅन परत धाडले असतील त्याचा हिशेब नाही. जावयाला म्हटलं, “यांचं काहीतरी बिघडलंय.” तो हसून म्हणाला, “बिघडलंय म्हणूनच तर लोक येतात.” मला तो वाह्यातपणा वाटला.

२. जळमट दिसलं की माझा हात आपोआप केरसुणी शोधतो. तिथं माळ्याच्या कौलांखाली, पिंपांच्या मागे, तुळयांवर कोळ्यांची जाळी होती आणि ती कुणी काढत नव्हतं. नुसतं दुर्लक्ष असतं तर मी समजू शकले असते, पण ती जाणूनबुजून ठेवलेली होती. उन्हाळ्यात फळं आली की चिलटं येतात, चिलटांना कोळी खातात, म्हणून कोळ्यांना अभय. आमच्याकडे तपासणीच्या दिवशी एक कोळी दिसला असता तर व्यवस्थापकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांची पळापळ झाली असती. मी पर्स पोटाशी धरून, कशालाही न चिकटता चालत राहिले, पंगतीत सोवळं सांभाळणाऱ्या बाईसारखी. सोवळ्याची मी आयुष्यभर चेष्टा केली, ते सोडा.

३. माळ्यावर जे पाहिलं त्यानं मात्र माझी बोलती बंद झाली. तिथं एक परात आहे. दुसरा शब्द मला सुचत नाही. अख्ख्या खोलीएवढी, उथळ, तांब्याची परात; साडेसात हजार लिटर मावणारी. खाली सातूचा माल्ट आणि कच्चा गहू (गहू साधारण एक तृतीयांश) शिजवून त्याचं गोड पाणी काढतात, ते हॉप्स घालून तासन् तास उकळतात, आणि उकळतं ते वर या परातीत सोडून देतात. मग झाकत नाहीत. रात्रभर ते उघडं निवतं. छपराच्या फटींतून हवा येते, हवेतून जे यायचं ते येतं, आणि सकाळी ते सगळं पिंपांत जातं. यीस्ट म्हणून वेगळं काही घालत नाहीत. जगभरच्या बहुतेक बिअरमध्ये निवडून वाढवलेलं यीस्ट मोजून सोडतात. इथं मात्र हवेतनं येईल तो आपला.

मी ७२ अंशाला १५ सेकंद आणि लगेच ४ अंशांखाली, या मंत्रावर पोसलेली बाई. आमच्या धंद्यातलं सगळं कौशल्य हवा आत येऊ नये यासाठी. आणि इथं हवेसाठी खिडक्या उघडतात! हॉप्सही ताजे नाहीत, दोन-तीन वर्षं जुने. त्यांचा कडवटपणा गेलेला असतो, पण नको त्या जिवाणूंना आवर घालण्याचा गुण शिल्लक असतो. असे जुने हॉप्स उघडले तर वास चीजसारखा येतो म्हणे. मला पडताळून बघायचं होतं. नाकाला कुणी हुंगू दिलं नाही.

४. पहिला घोट माझ्या तोंडानं प्यायला नाही, माझ्या नोकरीनं प्यायला. फेरी संपली की ग्लास हातात येतो. आधी देतात ती नुसती लांबिक, म्हणजे हीच हवेवर आंबवलेली मूळ बिअर, फळाशिवायची, पिंपातून जगमध्ये काढलेली. फेस नाही. बिअरला फेस नाही, हेच मुळात आमच्या मराठी सिनेमाच्या समजुतीला धक्का देणारं. फिकट सोनेरी रंग, गोमूत्राची आठवण करून देणारा. लिहू नये, पण तेच आठवलं. घोट घेतला आणि तोंडातून जे निघालं ते शुद्ध डॉकवरचं होतं : “आंबलंय. परत.” शेजारच्या टेबलावरच्या दोन पोरांनी वळून बघितलं. भाषा कळली नसणार, पण सूर जगभर कळतो. लेक म्हणाली, “आई, गिळ तरी आधी.”

मी गिळलं. मग लाजत दुसरा घोट घेतला, कारण ग्लास तिकिटात आलेला होता आणि पैसे फुकट घालवायचे संस्कार नाहीत.

५. माझ्याजवळ चांगल्या वासांसाठी शब्दच नव्हते. हे कळलं तेव्हा मला खरंच ओशाळल्यासारखं झालं. जावई विचारत होता, “कसली चव लागतेय?” मी आंबट, तुरट, गोठ्याची, ओल्या फडक्याची, शिळी असं सांगत गेले. तो म्हणाला, “आई, तुम्ही तक्रारी सांगताय.” खरंच की. आमच्या शास्त्रात चांगल्या दुधाला वास जवळजवळ नसतोच. किंचित गोडसर, स्वच्छ, एवढंच. त्यामुळे आमची सगळी शब्दसंपत्ती दोषांची. खवट, कडवट, धुरकट, गवतट, पत्र्याचा वास, जळका वास. तीस-पस्तीस शब्द, सगळे आरोपपत्रातले. कुणी नुसतं गुणगान करायला सांगितलं असतं तर माझी पाटी कोरी.

मग मी ठरवलं की लॅबचे शब्द बाजूला ठेवायचे आणि लहानपणीचे काढायचे. ते काम अवघड निघालं. डोळे मिटून बसले. पहिल्यांदा आला आवळा, पण आवळा खाऊन वरून पाणी प्यायल्यावर जी गोडी मागे राहते, ती यात नव्हती. मग कच्चं करवंद, चिकासकट. मग माळ्यावरच्या अढीतला वास, पेंढा आणि त्यात एखादा लागलेला आंबा. अढीपाशी आले आणि मला एकदम बरं वाटलं. कारण अढीतला लागलेला आंबा आजी फेकायची नाही, बाजूला काढून आधी खायला द्यायची.

६. ज्याला मी रोग म्हणत होते, ते नुसतं मधलं स्टेशन होतं. या मुद्द्यावर मला जरा जास्त बोलू द्या, कारण इथं माझी विद्या खरी हरली.

घरी आल्यावर लेकीच्या लॅपटॉपवर दोन दिवस वाचत बसले. ही बिअर पिंपात गेल्यावर काय होतं? पहिल्या काही आठवड्यांत तिच्यात जे जिवाणू फोफावतात ते कोलीफॉर्मच्याच गणगोतातले. दुधाच्या लॅबमधल्या माणसाला विचारा, कोलीफॉर्म म्हणजे काय! आमच्याकडे पाश्चराइज केलेल्या पिशवीत कोलीफॉर्म सापडले तर चौकशी बसते. इथं ते येतात, नाचतात, आणि जसजसं आम्ल आणि अल्कोहोल वाढतं तसतसे स्वतःच मरतात. मग नेहमीचं यीस्ट येतं, साखर खातं, काही महिने राज्य करतं. उन्हाळा लागला की पेडिओकॉकस नावाचे जिवाणू उठतात आणि लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे आमच्या दह्यातलंच आम्ल. याच टप्प्यावर कधीकधी बिअरला तार सुटते. चिकट, तेलकट, भेंडीच्या भाजीसारखी. दुधाला तार सुटलेली मी पाहिली आहे. तेव्हा नुसता कॅन परत जात नाही, त्या गावच्या सगळ्या कॅनांना उकळतं पाणी दाखवावं लागतं.

या बिअरवाल्यांची भाषाही तीच आहे, बिअर ‘आजारी’ पडली म्हणतात. पाश्चरनं १८७६ मध्ये बिअरवर ग्रंथ लिहिला तोही तिच्या रोगांवरच. पण तार सुटली तर हे लोक करतात काय? काही नाही. थांबतात. काही महिन्यांनी ब्रेटॅनोमायसिस नावाचं सावकाश वाढणारं यीस्ट जोर धरतं आणि ती तार खाऊन टाकतं. बिअर बरी होते. गोठ्याचा वास आणणारा गृहस्थ हाच. १९०४ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यात क्लाउसेन नावाच्या शास्त्रज्ञानं तो इंग्लिश बिअरमध्ये ओळखला, म्हणून नावाचा अर्थ ‘ब्रिटिश बुरशी’. त्याच्याच एका जातीचं नाव आता ब्रसेल्सवरून आहे. दुसरीकडे वाइनवाले याच गृहस्थाला बघून पिंपं जाळायला निघतात.

हे वाचताना मला राहून राहून वाटत होतं की यातल्या प्रत्येक टप्प्यावर मला नमुना दाखवला असता, तर मी प्रत्येक वेळी नापास केला असता. पहिल्या महिन्यात कोलीफॉर्म म्हणून, सहाव्यात आम्लता म्हणून, आठव्यात तार म्हणून, वर्षानं वास म्हणून. चारही वेळा माझा रिपोर्ट बिनचूक असता. आणि बिअर कधी झालीच नसती.

७. लाल रंग दिसला की आपण लहान होतो. दुसऱ्या फेरीत क्रीक आली, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. क्रीक म्हणजे आंबट चेरी. ब्रसेल्सच्या स्खारबेक भागात या चेरीची झाडं एके काळी इतकी होती की त्या जातीला स्खारबेकचंच नाव पडलं. गाढवांवर लादून ती बाजारात यायची, त्यामुळे गावालाही गाढवांचं गाव म्हणत. उन्हाळ्यात ही चेरी, बीसकट, लिटरमागं साधारण २०० ग्रॅम या हिशेबानं मुरलेल्या लांबिकमध्ये घालतात आणि पुन्हा काही महिने पिंपात ठेवतात.

ग्लासात माणिक ओतल्यासारखी दिसत होती, वर गुलाबी फेस. माझ्या डोळ्यांनी लगेच निकाल दिला : गोड. आमच्या संघाचं गुलाबाचं दूध याच रंगाच्या आसपास होतं आणि त्यात साखर किती असते हे मला तोंडपाठ आहे. निर्धास्तपणे मोठा घोट घेतला.

जबडा बसला. कानामागे कळ गेली. डोळ्यात पाणी. फळ आहे, फळाचा रंग आहे, फळाचा वास आहे, आणि गोडी कुठंच नाही. लेकीनं माझा फोटो काढून ठेवलाय, तो दाखवण्यासारखा नाही. नंतर विचार केला तर साधीच गोष्ट आहे. चेरीतली साखर यीस्टनं कधीच खाल्ली. साखर गेल्यावर फळाचं जे उरतं ते आपण सहसा चाखतच नाही : साल, आम्ल, बी, आणि एक सुगंध. दह्याचा सामू साडेचारच्या आसपास असतो. ही बिअर साडेतीनच्याही खाली उतरते. सामूत एक आकडा खाली म्हणजे दहापट, हे मी नव्या पोरांना शिकवायचे. शिकवणं वेगळं, जिभेवर येणं वेगळं.

पण मग, आणि यासाठीच मी हे लिहायला बसले, ते ओसरलं. तिसऱ्या-चौथ्या घोटाला आंबटपणा मागे सरकला, आपल्याकडे गर्दीत कुणी म्हातारी आली की लोक सरकतात तसा, आणि मागून एक ओळखीचा वास आला. बदाम. कुठून? मी ग्लास फिरवला, हुंगला, पुन्हा प्यायले. बदामच. आणि मग आठवलं : सुके जर्दाळू. खाऊन झाले की बी जपून ठेवायची, दुपारी अंगणात दगडानं फोडायची आणि आतला गर खायचा. जर्दाळूपेक्षा आम्हाला तोच आवडायचा. चेरीच्या बीतही तोच वास असतो, आणि पिंपात महिनोन्‌महिने पडल्यावर तो बाहेर येतो. म्हणून बी काढत नाहीत.

अंगण, पाटा, बोटावर बसलेला दगड, रडणारा भाऊ. हे सगळं आंदर्लेक्तमधल्या थंडगार खोलीत, एका आंबट बिअरच्या तळाशी सापडेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याचीच अल्कोहोल टेस्ट केली असती.

८. साखर मागायला लाजू नये. ब्रसेल्सच्या जुन्या कॅफेंमध्ये आंबट लांबिकबरोबर साखरेचे खडे आणि ते ग्लासात चेचायला छोटासा दांडा देत असत, असं कळलं. मी लगेच लेकीच्या घरी प्रयोग केला. बरं लागलं, दह्यात साखर घातल्यासारखं. पण बदाम दिसेनासा झाला. तेव्हापासून साखर नाही.

९. एकट्याची बिअर वेगळी आणि मिसळलेली वेगळी. ग्युझ नावाचा जो प्रकार आहे त्यात एक वर्षाची, दोन वर्षांची आणि तीन वर्षांची लांबिक एकत्र करून बाटलीत भरतात. कोवळीत अजून साखर असते, त्यामुळे बाटलीत पुन्हा आंबून फेस येतो. जुनीत चव असते. काही घराणी तर स्वतः गाळतच नाहीत. दुसऱ्यांकडून गोड पाणी आणून आपल्या पिंपांत मुरवतात आणि मग मिसळतात. त्यांचं कसब कुठलं पिंप कुठल्या पिंपाबरोबर जाईल यात. हे मला मनापासून पटलं, कारण चाळीस गावांचं दूध एका टँकरमध्ये एकत्र करून फॅट जुळवणं हे आमचंही कसब होतं. फक्त आमच्याकडे मिसळल्यावर गावाची चव नाहीशी व्हायला हवी असायची.

१०. मी चुकीची नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण इथवर वाचून कुणाला वाटेल की बाईला पश्चात्ताप झाला. एक शेतकरी आठवतो. पावसाळ्याचे दिवस, दोन कॅन, आम्लता मर्यादेत, उकळून फाटलं नाही. पण झाकणाला गोठ्याचा वास. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, “मॅडम, गोठ्यातच राहतंय जनावर, वास काय देवळाचा येणार?” मी हसले नाही. परत पाठवलं. तो वाक्य टाकून गेला आणि मी ते इतकी वर्षं विनोद म्हणून सांगत आले.

क्रीक पिताना तो माणूस समोर येऊन उभा राहिला. पण मी पुन्हा डॉकवर असते तर पुन्हा परत पाठवलं असतं. ते दूध संध्याकाळी कुणाच्या तरी बाळाच्या बाटलीत जाणार होतं. दुधाला तीन वर्षं थांबता येत नाही, तीन तासही नाही. आणि थांबणारेही काही सगळं पोटात घालत नाहीत. पिंपं तेही चाखतात, आणि एखादं सरळ व्हिनेगरच्या वाटेला लागलं तर तेही बाजूला काढतात. फरक इतकाच की ते माझ्यापेक्षा खूप उशिरा हुंगतात. माझं दुखणं वेगळं आहे. डॉकवरची ती घाई मी घरी घेऊन आले. सुनेची पहिली आमटी, लेकीनं निवडलेला मुलगा (तोच हा, बिअर पाजणारा), नवऱ्याचं निवृत्तीनंतरचं पेटीवादन. सगळ्याला झाकण हुंगून शिक्का. पेटी अजून वाईटच वाजते, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

११. थंड ठेवणारं यंत्र बंद पडलं की काय होतं ते मला माहीत आहे. म्हणून बेर्सेल गावच्या ३ फोंतेनन या घराण्याची हकिकत वाचताना माझ्या पोटात गोळा आला. २००९ मध्ये त्यांच्या साठवणीच्या खोलीतला थर्मोस्टॅट बिघडला आणि खोली भट्टीसारखी तापली. कितीतरी बाटल्या फुटल्या, हजारो वाया गेल्या. मालक आर्मां देबेल्डर यांनी उरलेल्याचं ऊर्ध्वपातन करून मद्य काढलं आणि ते विकून पुन्हा उभे राहिले. आमचा कॉम्प्रेसर एकदा रात्री बंद पडला होता. आम्ही नासलेल्या दुधाचं काय केलं ते सांगत नाही.

आता या सगळ्याच बिअरवाल्यांपुढे वेगळंच संकट आहे. रात्री पुरेशा थंड असल्या तरच परातीतलं पाणी नीट निवतं, म्हणून ही बिअर फक्त थंडीत, साधारण ऑक्टोबर ते एप्रिलच्या दरम्यान गाळतात. २०१५ च्या नोव्हेंबरात इतकी ऊब होती की कांतियोंला काम थांबवावं लागलं. खिडकी उघडून हवेला बोलवायचं, आणि हवाच बदलत चाललेली.

१२. बायकांनी प्यायची गोष्ट लिहिताना माझा हात अजून अडखळतो. नणंदेला फोनवर ‘फळांचा रस चाखला’ असं सांगितलं. खोटं नव्हतं. पाच टक्के अपूर्ण होतं.

१३. मुरलेली वस्तू आपल्या गावात आणली की तिची खरी परीक्षा होते. येताना एक बाटली आणली, पाऊण लिटरची, बुचाची, बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळून. महाराष्ट्रात दारू प्यायला कायद्यानं परवाना लागतो, हे मला त्या निमित्तानं पहिल्यांदा कळलं. माणसं किती निवांत असतात बघा. तोही सोपस्कार केला. मग कुणाबरोबर उघडायची हा प्रश्न. नवऱ्यानं नुसता वास घेऊन पेटी जवळ केली. शेवटी आमच्या लॅबमधल्या एका जुन्या सहायकाला फोन केला. माझ्याबरोबर २२ वर्षं डॉकवर उभा राहिलेला माणूस, माझ्याहून तेज नाकाचा. मी ब्युरेट लावेपर्यंत तो आम्लतेचा आकडा सांगून मोकळा व्हायचा आणि गुलाबी रंग येईपर्यंत मिशीत हसत बसायचा. रविवारी दुपारी आला, चपला काढल्या, पाय धुतले, पाटावर बसल्यासारखा खुर्चीत बसला. बाटली आडवी ठेवतात, गाळ तळाशी राहावा म्हणून, तशीच मी तिला सुपात तिरकी ठेवली होती. तिकडे यासाठी खास वेताची टोपली असते.

बूच काढलं. मी काही बोलले नाही. कसली बिअर, कुठली, चेरी, बदाम, काही नाही. त्यानं ग्लास घेतला नाही, आधी बूच मागितलं. सवय. बूच नाकाशी धरलं, डोळे मिटले, आणि बावीस वर्षांच्या त्याच सपाट आवाजात म्हणाला, “मॅडम, टँकर परत.”

मी इतकी हसले की आतून पेटी थांबली.

मग त्यानं एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. ग्लास खाली ठेवला, खिडकीबाहेर बघत बसला. बराच वेळ. मी मोठ्या कष्टानं गप्प राहिले. पुन्हा ग्लास उचलला, पुन्हा प्यायला, आणि ओठांवरून जीभ फिरवत, नमुन्याच्या वहीत काय लिहावं ते न सुचल्यासारखा म्हणाला, “थांबा जरा. आकडा आत्ता लिहू नका.”